पावसाळ्यापुरती भिंत

कागदावरच्या घरात शिरायला मिंगेल सरांना दोन बोटं पुरत. उजव्या हाताची तर्जनी आणि तिच्या शेजारचं मधलं बोट. ही दोन बोटं म्हणजे माणसाचे दोन पाय. आम्ही रात्रीचा दिवस करून काढलेला घराचा नकाशा टेबलावर पसरला, की सर आधी चष्मा कपाळावर सरकवत, मग ते दोन पाय कागदाच्या कडेवर उभे करत आणि म्हणत, "हं. मी इलंय. चपला खंय काढू?"

पहिल्या वर्षाला वर्गात आम्ही बावीस जण होतो. त्यातल्या एकानेही चपला काढायला जागा ठेवलेली नव्हती. आम्ही वास्तुकला शिकायला आलो होतो. आमच्या डोक्यात काचेच्या भिंती होत्या, अधांतरी जिने होते, एकाच्या नकाशात तर दिवाणखान्याच्या मधोमध कमळांचं तळं होतं. सरांच्या बोटांनी ते तळं नीट वळसा घालून ओलांडलं आणि विचारलं, "छत्री भिजली हा माझी. ठिबकता. खंय ठेवू?" बोटं पुढे गेली. "माका तान लागली. पाणी खंय?" मग स्वयंपाकघर, मग मोरी, मग झोपायची खोली. तिथे पोचल्यावर दोन्ही बोटं आडवी झाली. सरांनी डोळे मिटले.

"निजलंय," ते म्हणाले.

अख्खा वर्ग थांबला. आमचं कॉलेज कट्टा गावच्या बाजारापासून वर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर आहे. तिथे दुपारी वाऱ्याखेरीज कुणाचा आवाज नसतो. वारा येतो, शीटांचे कोपरे उचलतो, ठेवतो. सरांचे डोळे मिटलेले, आडव्या बोटांवर खिडकीतलं ऊन. मिनिटभर तरी तसंच गेलं असेल. मला त्या मिनिटात खरोखर वाटायला लागलं, की त्या कागदाच्या आत कुणीतरी झोपलंय आणि आपण मोठ्याने बोलता कामा नये. मग सरांनी डोळे उघडले. "सकाळ जाली. उजेड खंयसून इलो?"

तळंवाल्याने त्या भिंतीला खिडकीच ठेवली नव्हती.

सरांना कुणाचंही नाव लक्षात राहत नसे, किंवा ते ठेवत नसत. गाव मात्र पक्कं राही. मिठबावहून दोघे आले होते, ते पाच वर्षं थोरलो मिठबाव आणि धाकलो मिठबाव राहिले. तळंवाला थोरला. मी घाटाखालच्या फोंडाघाटची, म्हणून मी फोंडाघाट. हजेरीच्या वहीत वैदेही असं छान नाव असताना "ए फोंडाघाट, तुझ्या जिन्यात माझो गुडघो मोडलो" असं ऐकून घ्यायला सुरुवातीला मला मुळीच आवडत नसे. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "गावाच्या नावान हाक मारता म्हणजे गावाची अब्रू तुझ्याकडे इली. नीट अभ्यास कर."

सर मालवणचे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं चिऱ्याचं कौलारू घर होतं, पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, मग आतली खोली. घराणं ख्रिस्ती, आजोळ गोव्याचं. लग्न केलं नाही. थोरली बहीण म्हापशाला दिलेली, ती सणावारी यायची. सरांच्या बोलण्यात दोन भाषा दोन कपाटांत ठेवल्यासारख्या होत्या. प्राचार्यांच्या खोलीत शिरले, की "आपले म्हणणे यथार्थ आहे, परंतु" अशी इस्त्रीची मराठी. खोलीबाहेर पाऊल पडलं, की "तेका काय्येक कळणा नाय." हे दोन्ही आम्हाला एकाच दारातून ऐकू येत असे आणि आम्ही हसू दाबत टी-स्क्वेअर पुसत बसायचो.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "आदी बस, मगे काढ." घर काढायचं तर आधी घरात बसायला हवं. पहिल्या सत्रात त्यांनी आम्हाला एक काम दिलं, त्याचं नाव उन्हाला राखण बसणे. आपापल्या घरी एका खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, जमिनीवर उन्हाचा तुकडा पडला की त्याच्याभोवती खडूने रेघ मारायची, वेळ लिहायची, तो सरकला की पुन्हा मारायची. मी आमच्या माजघरात बसले. काचेच्या कौलातून पडलेला पोळीएवढा उजेड तांदळाच्या डब्यावरून निघून दुपारी देव्हाऱ्यापर्यंत गेला आणि तिथे विरला. अठरा वर्षं मी त्या घरात राहिले होते आणि हे रोज होत होतं, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसाएवढी मी आयुष्यात पुन्हा कधी निवांत बसलेली नाही. आई मधूनमधून डोकावून जायची. चौथ्यांदा डोकावली तेव्हा म्हणाली, "ह्यासाठी कॉलेज होया?"

सरांच्या स्वतःच्या घरात तर लाल कोब्यावर वर्षभराच्या खडूच्या खुणा होत्या. मार्गशीर्षातलं सकाळचं ऊन इथे, मे महिन्यातलं तिथे. प्रत्येकीशेजारी बारीक अक्षरात वेळ. बहीण आली, की पहिल्या दिवशी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढायची आणि सर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचे. यावरून दोघांत कधी भांडण झालेलं आम्ही ऐकलं नाही. खडूची डबी खिडकीत डाव्या कोपऱ्यात असे, आणि ती मात्र बहिणीने कधी हलवली नाही.

माझी पहिली मोठी फजिती मिठबावला झाली. एका जुन्या घराचं माप घेऊन नकाशा काढायचा होता. धाकल्या मिठबावच्या मावशीचं घर मिळालं. दिवस श्रावणाचे. आम्ही टेप लावून इंच न् इंच मोजलं. मावशीने घावणे घातले, आम्ही ते खाऊन पुन्हा मोजलं. माझा नकाशा इतका स्वच्छ झाला होता, की मीच त्याच्याकडे लांबून बघत बसे. नुसता नकाशा नव्हे, त्या अंधाऱ्या पडवीत उजेड यावा म्हणून मी भिंतीला दोन खिडक्याही सुचवल्या होत्या.

सरांची बोटं त्या पडवीत आली आणि थांबली. कितीतरी वेळ त्यांनी ती भिंत निरखली. नुसतं म्हणाले, "दिवाळी जाली काय परत जाव या."

दिवाळी झाली. आम्ही सगळे एसटीने मिठबावला गेलो. माझी भिंत तिथे नव्हती. पडवी तिन्ही बाजूंनी मोकळी होती, उन्हात न्हाली होती आणि मावशी त्या उन्हात पाय पसरून सुपारी कातरत होती. पावसाची झड आत येऊ नये म्हणून आमच्याकडे पडवीला माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधतात, त्यांना चुडतं म्हणतात. पाऊस सरला की सोडून टाकतात. मी चुडतांची भिंत काढली होती. जाड, काळी, शाईने भरलेली, नऊ इंची भिंत. शहरातल्या पोरीने काढली असती तर एक वेळ चाललं असतं. माझ्या घरी दर वर्षी चुडतं बांधतात, बांधताना सुतळी मी धरते. पण कागदावर आले आणि मला घरचं काही आठवेना.

थोरला मिठबाव पोट धरून हसला. सर हसले नाहीत. मावशीजवळ बसून त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि मला म्हणाले, "फोंडाघाट, तू एका दिवसाचा घर काढलंस. घराक वर्ष आसता गो."

ते वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं आणि विसरले. आपण वहीत लिहितो ते बहुधा विसरण्यासाठीच.

शेवटच्या वर्षी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मोठ्या शहरातून आलेले, पायात मोजे न घालता बूट घातलेले. थोरल्या मिठबावने लॅपटॉपवर समुद्रकाठच्या घराचं अंतरंग केलं होतं. खरं सांगायचं तर ते देखणं होतं. पडदे हलत होते, लाद्यांवर संध्याकाळ चमकत होती. परीक्षक खूश. सर पुढे झाले आणि सवयीने त्यांनी दोन बोटं पडद्यावर ठेवली. ती सरकली. "हय पाय घसारतत," ते हळूच म्हणाले. परीक्षक हसले आणि म्हणाले, "सर, तुम्हाला यात काय आवडलं नाही?"

सरांनी इस्त्रीची मराठी काढली. "तसे नव्हे. घर सुंदरच आहे. या घरात एखादे माणूस आजारी पडले तर ते कुठे पडून राहील, एवढेच मी शोधतो आहे."

थोरला मिठबाव पास झाला, चांगल्या गुणांनी झाला. आज तो मोठमोठी घरं सजवतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "गिऱ्हाईक काय पण सांगूंदे, मी एक खाट पडात इतकी जागा राखून ठेवतंय. कोणाक सांगणा नाय."

मी कोल्हापूरला एका ऑफिसात लागले. घाट चढला की हवा बदलते, माणूसही थोडा बदलतो. सरांची आठवण यायची, फोन करायचा राहून जायचा. अशी पाच वर्षं गेली. मग एका चैत्रात अनोळखी नंबरावरून फोन आला. म्हातारा, ठणठणीत बाईचा आवाज.

"फोंडाघाट तूच काय गो?"

त्या सरांच्या बहीण होत्या, रोझ आंटी. सरांना महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं, चाकाच्या खुर्चीवर होते. आंटी म्हापशाहून येऊन राहिल्या होत्या. सरांच्या मोबाइलमध्ये आमची नावंही गावांचीच होती. "तुझ्या गावावर बोट ठेवलान आणि काढूक देय ना," आंटी म्हणाल्या. "घर बदलूचा म्हणता. खुर्चीसाठी. माका नाय पटणा. म्हापशाक लिफ्ट आसा, डॉक्टर आसा. पावसाच्या आदी मी तेका नेतंय. पण तू येवन एकदा काय ता काढ. तुझ्या कागदार हो माणूस फिरलो तर बघूया."

आजवर मी लोकांच्या हॉटेलांचे स्वागतकक्ष केले होते. चुकले तर पुन्हा करायचे. इथे चुकले असते, तर सरांना त्यांचं घर सुटणार होतं.

मी दोन दिवस मालवणला जाऊन राहिले. सरांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं मिटलेली. ती दोन बोटं. मी तिकडे बघायचं टाळलं आणि मापं घेत सुटले. आंटींनी कोबा पुसलेला होता, पण आजारपणाच्या गडबडीत खाटेखालच्या आणि कपाटाकडेच्या जुन्या खुणा राहून गेल्या होत्या. मी गुडघे टेकून त्या सगळ्या उतरवून घेतल्या. वाकल्यावाकल्या मला सरांचं बारीक अक्षर दिसत होतं, सात वीस, आठ पाच, आणि आपण कुणाचं तरी फार खाजगी काही वाचतोय असं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी नकाशा घेऊन गेले. मोठा, हाताने काढलेला, मुद्दाम. आंटींनी जेवणाचं टेबल पुसून दिलं. दुपारची वेळ होती, माडांच्या सावल्या खळ्यात हलत होत्या. मी खुर्ची टेबलाशी आणली. सरांनी कागद बघितला, मग त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

"वै... दे... ही."

सगळ्यांना आवडेल असं ते नाव सरांच्या तोंडून ऐकून मला भीती वाटली. फोंडाघाट कुठेतरी गेलं होतं. सर मला ओळखत नाहीत, फक्त वाचताहेत, असं वाटलं. आंटी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. सांगितलं नव्हतं का तुला, असं.

सरांनी डाव्या हाताने काहीतरी शोधलं. औषधाच्या बाटलीचं झाकण. ते त्यांनी कागदावरच्या खळ्यात ठेवलं आणि एका बोटाने ढकलायला सुरुवात केली. आता पाय नव्हते, चाक होतं. झाकण मी काढलेल्या उतारावरून पडवीत चढलं. दारापाशी आलं. उंबरठा मी दोन्ही बाजूंनी उतरता केला होता, दाराची अर्धी झडप काढून चौकट रुंद केली होती. झाकण आत गेलं. आंटी दोन पावलं पुढे आल्या. झाकण मोरीत गेलं, तिथे गोल वळलं, बाहेर आलं. पाण्याच्या माठाशी थांबलं. कुठे अडलं नाही. खाटेशी आलं, थांबलं, आणि सरांनी डोळे मिटले.

मी उभीच होते. बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, त्याचा हईसा ऐकू येत होता. मला सड्यावरचा वारा आठवला, शीटांचे हलते कोपरे, ऊन पडलेली आडवी बोटं. हे मिनिट संपूच नये असं मला वाटलं. सरांनी डोळे उघडले.

"उजेड," ते म्हणाले.

"काचेच्या कौलातून, सर. तुमच्याच खुणांवरून खाट ठेवलीय. सकाळी सात वीसला पायांवर येईल. भेटायला येणाऱ्यासाठी ती खिडकीजवळ खुर्ची आहे, तिच्यावर थंडीत येईल."

त्यांनी मान हलवली. झाकण पुन्हा निघालं, दारातून पडवीत आलं, उताराच्या तोंडाशी थांबलं. तिथे सरांचा चेहरा बदलला. कपाळाला जुनी आठी पडली. झाकण सोडून ते बोट पडवीच्या कडेने सावकाश फिरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न दिसणारी एक रेघ.

"पा... वस इलो," सर म्हणाले. "भायर खंयसून जाव?"

मी कागदाकडे बघतच राहिले. पावसाळ्यात पडवीला चुडतं लागणार. माझा उतार नेमका चुडतांच्या पलीकडे पडत होता. चार महिने हा माणूस आत कोंडला जाणार होता. पहिल्या वर्षी मी नसलेली भिंत काढली होती, आता असलेली विसरले होते.

"फोंडाघाट," सर म्हणाले. नीट, न अडखळता, पूर्वीच्याच वैतागलेल्या आवाजात.

आयुष्यात ओरडा खाऊन इतका आनंद मला कधी झाला नाही. मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. पण आंटी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या कागदावरच्या त्या जागेकडे बघत होत्या, जिथे भावाचं बोट फिरलं होतं. चैत्रात बसून तो माणूस पावसात बाहेर कसं पडायचं ते विचारत होता.

"पावसात हय रवतलस तू?" त्यांनी विचारलं.

झाकण ढकलत सरांनी ते परत आत, खिडकीशी नेऊन ठेवलं.

आंटी स्वयंपाकघराकडे वळल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग त्यांचा. "चुडतां ह्या वर्षी जास्त लागतली. वाडीत आताच सांगान ठेवूक होया."

उतार मी पडवीच्या कुशीला फिरवला, वळचणीखाली, आणि तिथल्या चुडताला बांबूची चौकट लावून उघडमिटीचं दार केलं. भाद्रपदात मी बघायला गेले, तेव्हा पाऊस लागलेलाच होता. रस्त्यावरून घर बंद, हिरवट तपकिरी, चुडतांनी गुंडाळलेलं दिसत होतं. मग कुशीचं दार हललं. डाव्या हाताने सरांनी ते स्वतः ढकललं होतं. खुर्ची वळचणीखाली आली, पागोळ्यांपासून हातभर अलीकडे थांबली. त्यांनी मला बघितलं आणि डाव्या हाताची दोन बोटं उचलून हवेत चालवून दाखवली. वेडीवाकडी चालली, पण चालली. मी सरांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं. आश्विनात ते झोपेतच गेले, त्यांच्याच खाटेवर.

आंटी म्हापशाला परत जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी ऑफिसला निघत असताना त्यांचा फोन आला. काल चुडतं सोडली म्हणाल्या. 

"ऊन आता त्या खुर्चीपर्यंत इला गो," त्या म्हणाल्या. "तू म्हणलेलंस तसा. खडू खंय ठेवी तो?"

"खिडकीत, आंटी. डाव्या कोपऱ्यात."

फोन त्यांनी ठेवला नाही, तसाच हातात धरून त्या निघाल्या असाव्यात. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. स्वयंपाकघरातून त्यांची पावलं निघाली, माठापाशी आली, दारातून वळली, खाटेला वळसा घालून खिडकीपर्यंत गेली. कुठेही अडली नाहीत.